बाळ बाहेर आल्यानंतर

सिझरमध्ये बाळ बाहेर यायला पाच-सात मिनिटं पुरतात. पुढचा अर्धा-पाऊण तास शिवण्याचा असतो, आणि त्या अर्ध्या-पाऊण तासाकडे सहसा कोणाचं लक्ष नसतं.

बाळ रडलं की थिएटरचं तोंडच फिरतं. सिस्टर घड्याळाकडे बघून मोठ्यानं वेळ सांगतात, कारण बाहेर कोणीतरी पत्रिकेसाठी मिनिटासकट विचारणार असतं. बालरोगतज्ज्ञ वॉर्मरवर वाकलेले, मावशी दुपटं उलगडून उभ्या. वजन, नाळेचा चिमटा, पावलाचा शाईचा ठसा. दार अर्धवट उघडतं, बाहेरच्या आजीचा आवाज आत येतो, मोबाइल पुढे होतो, पेढे कोणी आणायचे ते ठरतं. टेबलावर आई आहे हे त्या घटकेला दोन-तीन माणसांच्याच ध्यानात असतं. हिरव्या पडद्यापलीकडे शिवणारी मंडळी आणि अलीकडे, तिच्या डोक्याशी, मी.

मी भूल देणारी डॉक्टर. जिल्ह्याच्या गावात आमच्यापैकी बऱ्याच जणांचं स्वतःचं असं हॉस्पिटल नसतं. बॅग उचलायची आणि फोन येईल त्या नर्सिंग होममध्ये जायचं. शस्त्रक्रिया करणारे पोटाशी असतात, माझी जागा डोक्याशी. त्यामुळे मला पोट कमी दिसतं आणि चेहरा जास्त. कमरेतून भूल दिलेली बाई जागी असते. पाय जड झाले, हिसके जाणवतात पण दुखत नाही, या नवलातून ती बाहेर येते ना येते तोच बाळ दाखवून नेलेलंही असतं. मग ती माझ्याशी बोलते. टाके किती पडतील? विरघळणारे आहेत ना? वण दिसणार नाही ना?

हे सगळं कातडीबद्दल असतं, आणि त्यात काही चूक नाही. ओटीपोटावर, केसांच्या रेषेलगत आडवा छेद घ्यायची पद्धत जर्मनीच्या फानेनश्टील यांनी १९०० साली मांडली, तिच्यामुळे तो वण साडीच्या निऱ्यांखाली झाकला जातो. आठवड्यानं कोणीतरी तो तपासतं. लाल झालाय का, पाणी येतंय का, ताप आहे का. माहेरी आई तेल लावताना तेवढा भाग जपून सोडते. पण त्या वणाच्या खाली, काही बोटं आत, दुसरा वण आहे. तो गर्भपिशवीवर आहे. तो कोणी पाहत नाही आणि त्याच्याबद्दल कोणी विचारतही नाही, ना बाई, ना घरचे, ना पुष्कळदा आम्ही.

त्या आतल्या जखमेचं काम अवघड असतं. भरल्या दिवसांत गर्भपिशवीचा खालचा भाग ताणून पातळ होतो आणि तिथंच आडवा छेद घेतात. बाळंतपणानंतर लगेच साधारण एक किलो वजनाची असलेली पिशवी सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या आत येते. म्हणजे शिवलेली जागा भरून येता येताच दर दिवशी आकसत, मुरडत, जागा बदलत असते. हात मोडला तर प्लास्टर घालून तो निश्चल ठेवतात. इथं जखमेला निश्चल राहण्याची मुभाच नाही. तरी ती बहुतेकींची बऱ्यापैकी भरते, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

सगळ्यांची मात्र पूर्ण भरत नाही. काहींच्या वणाच्या जागी, आतल्या अंगानं, जुन्या घराच्या भिंतीत कोनाडा असावा तशी पोकळी राहते. युरोपातल्या तज्ज्ञांच्या एका गटानं २०१९ साली असं ठरवलं की खोली निदान दोन मिलिमीटर असेल तर तिची नोंद घ्यायची. डॉक्टर तिला निश म्हणतात, कोणी इस्थमोसील म्हणतात. सलाईन सोडून बारकाईनं सोनोग्राफी केली तर सिझर झालेल्या निम्म्याहून अधिक बायकांत ती कमीजास्त सापडते. त्यातल्या पुष्कळ जणींना तिचा काही त्रास नसतो. त्यांचा या गोष्टीशी संबंध नाही, आणि हे वाचून कोणी घाबरून सोनोग्राफीला धावू नये.

गोष्ट उरलेल्यांची आहे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी रुग्णाशी बोलते तेव्हा माझे प्रश्न ठरलेले असतात. दमा आहे का, थायरॉइड आहे का, आधी कधी भूल घेतलीय का, कुठला दात हलतोय का, शेवटची पाळी कधी आली. एवढ्याशा प्रश्नांना बायका एकेका शब्दात उत्तरं देतात. अशीच एक समोर बसली होती. बत्तीस वर्षांच्या आसपासची, हातात फायलींची पिशवी, मुलगा पहिलीत. पाळीचं विचारल्यावर ती थांबली. म्हणाली, "कुठली तारीख सांगू मॅडम? लाल थांबतं ती, की डाग थांबतात ती?"

मी दोन्ही सांगा म्हटलं. लाल चार दिवसांत थांबायचं. पुढे सात-आठ दिवस चहाच्या चोथ्यासारखे पुसट, तपकिरी डाग. कधी एक दिवस कोरडा जायचा, आता संपलं म्हणून ती डोक्यावरून पाणी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. हे मुलाच्या जन्मानंतर पाळी सुरू झाल्यापासूनचं. कोणाला सांगितलं होतं का? हो, सांगितलं होतं. सासूबाई म्हणाल्या, अंगात उष्णता आहे, सब्जा घे. गावातले डॉक्टर म्हणाले, सिझरनंतर होतं असं. मैत्रीण म्हणाली, माझंही होतं, चालायचंच. तिनं ते चालवून घेतलं होतं.

ज्या घरात पाळीचे चार दिवस अजून मोजले जातात, तिथं न संपणाऱ्या पाळीचं काय होतं ते पुरुषांच्या लक्षात येत नाही. देवघरात जायचं की नाही? गौरीची सवाष्ण म्हणून बोलावलंय, हो म्हणायचं की काहीतरी कारण काढायचं? डाग म्हणजे विटाळ धरायचा की नाही, याचा निवाडा कोणत्या भटजीला विचारायचा? बाई तो निवाडा मनातल्या मनात करते आणि गप्प राहते. नवऱ्याशी जवळीक राहते ती उरलेल्या दिवसांत, आणि ते दिवसच मोजके उरतात. ज्या दिवसांत दिवस राहायचे, त्यातले काही डागांतच जातात. हे गणित कोणी मांडत नाही, पण दुसरं मूल हवं असणाऱ्या घरात ते दर महिन्याला सुटायचं राहून जातं.

आत काय होतं ते सांगायला सोपं आहे. पाळीचं रक्त बाहेर येताना थोडं त्या पोकळीत साठतं. वणाच्या आसपासचा स्नायू दुबळा, तो नीट आवळत नाही, म्हणून ते लगेच निघत नाही. मागाहून थेंबाथेंबानं झिरपत राहतं, तेच ते तपकिरी डाग. पोकळीच्या कडांतल्या बारीक रक्तवाहिन्यांतूनही थोडं येतं. यातलं काही उलटं, वर, पिशवीच्या पोकळीत जातं. पुरुषबीजाला ज्या वाटेनं वर जायचं त्या वाटेत हे जुनं रक्त, आणि गर्भ जिथं रुजायचा तिथंही त्याचं पाणी. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांत गर्भ आत सोडायच्या दिवशी सोनोग्राफीत पिशवीत पाणी दिसलं आणि सगळं पुढे ढकललं, असं काहींच्या बाबतीत घडतं, ते यामुळेही. पहिलं मूल झालेलं असतं, नळ्या मोकळ्या असतात, नवऱ्याचा रिपोर्ट चांगला असतो, तरी पाळणा हलत नाही.

गंमत अशी की हा वण वैद्यकाला अगदी अनोळखी नव्हता. पॉयडेव्हिन नावाच्या डॉक्टरांनी १९६१ साली गर्भपिशवीत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनी सिझरच्या वणांतल्या खाचा दाखवल्या होत्या. पण त्यांना शोध होता तो पुढच्या बाळंतपणात वण फाटेल का याचा. १९९५ साली ह्यू मॉरिस या पॅथॉलॉजिस्टनं सिझर झालेल्या बायकांच्या काढून टाकलेल्या पिशव्या तपासल्या आणि सरळ प्रश्न केला, की बायकांच्या तक्रारींचं मूळ हा वणच तर नाही? वणात साठलेलं रक्त, सुजलेल्या कडा, वेड्यावाकड्या वाढलेल्या अस्तराचे तुकडे त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. बाईच्या म्हणण्याला पुरावा मिळाला तेव्हा पिशवी तिच्या पोटात उरली नव्हती.

आपल्याकडे याची दुसरी बाजूही आहे. "अंगावरून जातंय" म्हटलं की "पिशवी काढून टाका" हे उत्तर कितीतरी बायकांनी ऐकलंय. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या तरुण वयात काढल्याचा बोभाटा झाला आणि २०१९ साली सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्या सगळ्या गोष्टीची कारणं वेगळी आहेत, उचल आणि मुकादमापर्यंत जाणारी आहेत, ती सिझरच्या वणावर ढकलता येणार नाहीत. पण एक धागा तोच आहे. बाई पाळीबद्दल काही सांगायला लागली की तिचं म्हणणं पुरतं ऐकून घेण्याआधीच उत्तर तयार असतं. एक तर "होतं असं", नाहीतर "काढून टाका". यांच्या मधोमध पुष्कळ जागा आहे. दुरुस्ती त्या जागेत बसते.

जिला एक मूल आहे तिच्या दुःखाला समाजात नाव नाही. जिला मूलच नाही तिला निदान टोमणे तरी मिळतात, नवस मिळतात, पारावरच्या बायका चुकचुकतात. एक असलेलीला म्हणतात, "आहे की एक. त्याला नीट वाढवा." हे म्हणणारे वाईट नसतात. ती स्वतःही मनात हेच म्हणते, आणि हेच म्हणताना राखीपौर्णिमेला शाळेतून आलेला मुलगा "मला का नाही बहीण" विचारतो तेव्हा स्वयंपाकघरात काहीतरी शोधायला उठते. मागणं थोडं असलं की मागायची लाज जास्त वाटते.

मी सांगत होते त्या बाईच्या सोनोग्राफीच्या कागदावर आकडा होता. वणाच्या जागी उरलेली भिंत २.१ मिलिमीटर. हल्ली बायकांना हे आकडे पाठ असतात. उरलेली भिंत तीन मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जाड असेल तर खालून, योनीमार्गानं दुर्बीण घालून पोकळीची कड तासता येते, म्हणजे रक्त साठत नाही. त्याला फार वेळ लागत नाही, पोटावर छेद नाही. नेदरलँड्समधल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी डागांचे दिवस न केलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झालेले दिसले. पण तासल्यानं भिंत जाड होत नाही. ती आधीच पातळ असेल तर तासणाऱ्या तारेचं टोक पलीकडे मूत्राशयात शिरायची भीती. म्हणून पातळ भिंत असलेलीचं काम पोटातून, दुर्बिणीनं, कापून पुन्हा शिवण्याचं. बेल्जियमच्या झाक डोने यांनी २००८ साली ही दुरुस्ती लिहून प्रसिद्ध केली, आणि आता ती आपल्या मोठ्या शहरांतच नाही, जिल्ह्याच्या गावांतही एखाद-दुसऱ्या ठिकाणी होऊ लागली आहे.

यासाठी पूर्ण भूल लागते. बाई झोपते, टेबलाचं डोकं खाली आणि पाय वर होतात, पोटात वायू भरतात. फुप्फुसांवर दाब येतो, तो सांभाळायचं काम माझं. आणि या खेपेला मला चेहऱ्याइतकंच पोटही दिसतं, कारण सगळं समोरच्या पडद्यावर असतं.

मूत्राशय जुन्या वणाला घट्ट चिकटलेलं असतं. पहिला बराच वेळ ते सोडवण्यात जातो. एक-एक धागा ओढून, पाहून, कात्रीच्या टोकानं. घाई करणाऱ्याचं हे काम नाही. मूत्राशय खाली सरकलं की वण कुठं असावा ते कळतं, पण नेमका कुठून कुठवर ते कळत नाही. वरून भिंत सारखीच दिसते. मग सहकारी डॉक्टर खालून गर्भपिशवीत दुसरी बारीक दुर्बीण घालतात आणि सर्जन सांगतात, "वरचा दिवा कमी करा."

पोटातला उजेड विझत जातो. पडद्यावर आधी करडं, मग जवळपास काळं. आणि त्या काळोखात एका जागी भिंत आतून पेटते. खालच्या दुर्बिणीचा दिवा पातळ मांसातून पार होऊन लालसर-पिवळा दिसतो. त्याच्या कडा अगदी स्पष्ट असतात. इथून इथवर भिंत नाहीच, नुसतं आवरण आहे. इतकी वर्षं ती बाई जे सांगत होती ते तिथं, सगळ्यांना दिसेल असं, उजळलेलं असतं. मी अनेकदा पाहिलंय, तरी त्या क्षणी थिएटरमधली कुजबूज थांबते.

पुढे कात्री. पोकळी उघडली की साठलेलं जुनं रक्त चॉकलेटी रंगाचं बाहेर येतं. मग कडा कापायच्या. वणाचं मांस पांढुरकं, चिवट असतं आणि त्यातून रक्त येत नाही. सर्जन ते थोडं थोडं कापत मागे जातात, रक्त येणारा गुलाबी स्नायू लागेपर्यंत. एरवी आम्ही रक्त थांबवण्यासाठी धडपडतो. इथं ते आलं की बरं वाटतं, कारण जिथं रक्त येतं तिथंच जखम भरते. समोरासमोरच्या भिंती चुकून एकमेकींना शिवल्या जाऊ नयेत म्हणून वाटेत एक कांडी घालून ठेवतात आणि मग टाके. एक थर, त्यावर दुसरा. मूत्राशयात निळं पाणी सोडून गळती नाही ना ते पाहतात. शेवटी दिवा पुन्हा मंद करतात. या वेळी उजेड पार येत नाही.

टाके पडत असताना मला एक जुनी गोष्ट हटकून आठवते. आपल्याला वाटतं, कापलं की शिवायचं, यात विचार करण्यासारखं काय आहे? पण एकोणिसाव्या शतकात बराच काळ सिझरनंतर गर्भपिशवी शिवतच नसत. तिचा स्नायू आपणच आवळून घेईल अशी समजूत होती, आणि आत राहिलेला टाका कुजेल अशी भीती. बायका रक्तस्रावानं आणि जंतुसंसर्गानं जात. इटलीतल्या पाव्हिया इथं एदुआर्दो पोर्रो यांनी २१ मे १८७६ रोजी यावर तोडगा काढला. बाळ काढल्यावर गर्भपिशवीच काढून टाकायची. मुडदुसानं कमरेची हाडं वाकलेली जुलिया काव्हालिनी ही त्यांची रुग्ण, ती आणि तिची मुलगी दोघी वाचल्या. पोर्रोंनी बाईचा जीव वाचवला, पण तिचं पुढचं मूल वजा करून. सहा वर्षांनी, १८८२ मध्ये, लाइपझिगच्या माक्स झेंगर यांनी वयाच्या तिशीच्या आत पुस्तक लिहून सांगितलं की पिशवी काढू नका, शिवा. खोल टाक्यांना चांदीची तार, वरच्यांना रेशीम. सिझरनंतरही बाई पुन्हा आई होऊ शकते, हे त्या टाक्यांनी शक्य केलं. आज विरघळणारे धागे आहेत, पण पडद्यावर चाललेलं काम त्याच वाटेवरचं आहे. पहिली ओळ होती बाई जगावी, दुसरी होती पिशवी राहावी, आणि आता तिसरी, की ती राहिलेली पिशवी तिच्या उपयोगाची असावी.

शुद्धीवर आलेल्या बायका किंवा त्यांचे नवरे एक प्रश्न हमखास विचारतात. "म्हणजे पहिल्या डॉक्टरांनी नीट शिवलं नव्हतं ना?"

याला "हो" म्हणणं सोपं आहे. समोरच्याचं समाधान होतं आणि न पाहिलेल्या माणसावर खापर फोडायला काही लागत नाही. पण ते खरं नसतं, निदान नेहमी नसतं. टाके एकेरी घालावेत की दुहेरी यावर डॉक्टरांत वर्षानुवर्षं वाद आहे. नेदरलँड्समध्ये दोन हजारांहून अधिक बायकांवर याची पद्धतशीर चाचणी झाली, आणि नऊ महिन्यांनी डागांच्या दिवसांत दोन्हींत फरक आढळला नाही. कळा बऱ्याच पुढे गेल्यावर, गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यावर केलेल्या सिझरमध्ये छेद नकळत खाली, तोंडाच्या भागात जातो, आणि तिथल्या ग्रंथींचा चिकट स्राव जखम भरू देत नाही असं मानतात. म्हणजे रात्री दोनला, बाळाचे ठोके घसरताना, ज्यानं धावत येऊन दोन जीव वाचवले त्याच्या छेदाची जागा थोडी खाली जाण्याची शक्यता जास्त. पिशवी मागे झुकलेली असणं, सिझर एकाहून अधिक होणं, आतल्या चिकटण्यांनी वण ओढला जाणं, याही गोष्टी आहेत. आणि शेवटी ज्याचं त्याचं मांस. एकीला जे टाके पुरतात ते दुसरीला पुरत नाहीत. मी त्यांना एवढंच सांगते की टाका घालणं डॉक्टरच्या हातात असतं, भरून येणं त्याच्या हातात नसतं.

आकडे मात्र आपण सगळ्यांनी मनावर घ्यावेत असे आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरनं झालेली दिसली. खासगी दवाखान्यांत हे प्रमाण ४७.४ टक्के, सरकारी ठिकाणी १४.३. महाराष्ट्रात २५.४, गोव्यात ३९.५. मी स्वतः यातल्या कित्येकींच्या डोक्याशी उभी राहिले आहे. त्यातल्या किती शस्त्रक्रिया टाळता आल्या असत्या हा वाद वेगळा, पण झाल्या तेवढ्यांचे वण आता आपल्या घराघरांत आहेत, हे तर खरंच.

दुरुस्ती म्हणजे हमी नव्हे, हेही सांगायला हवं. डोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली अडतीस बायकांचा अनुभव मांडला. सरासरी १.४ मिलिमीटरची भिंत शस्त्रक्रियेनंतर ९.६ मिलिमीटर झाली होती. भिंतीचं यश डोळ्यांत भरण्याजोगं. मूल राहत नाही म्हणून आलेल्या अठराजणी होत्या, त्यातल्या आठ जणींना बाळ झालं. दहा जणींना त्या काळात झालं नाही. आठ बघायच्या की दहा, हे ज्याच्या त्याच्या घरावर. शिवाय हे बेल्जियमच्या मुरलेल्या हातांचं काम. जिला काहीच त्रास नाही, जिला पुढे मूल नको आहे, तिनं केवळ कागदावर खाच दिसली म्हणून टेबलावर चढायचं कारण नाही. जिचं वय पुढे गेलंय, बीजं कमी उरलीत, तिनं दुरुस्तीत आणि पुढच्या वाट पाहण्यात महिने घालवायचे का, याचा हिशोब वेगळा. साधारण सहा महिने नवी जखम मुरू द्यायची, मगच दिवस राहू द्यायचे, आणि राहिले तर बाळंतपण पुन्हा सिझरनंच, कळा सुरू व्हायच्या आधी. म्हणजे जो वण दुरुस्त केला त्याच्याच आसपास पुन्हा छेद. बायका हे ऐकून हसतात. "म्हणजे पुन्हा तुम्हीच का मॅडम, डोक्याशी?"

ती बाईही हसली होती. तिचं पुढे काय झालं ते मी सांगणार नाही. मूल झालं म्हटलं तर गोष्ट गोड होते, नाही झालं म्हटलं तर करुण होते, आणि दोन्हींत तिनं मला सांगितलेली खरी गोष्ट हरवते. ती पुढच्या तपासणीला आली तेव्हा मी जिन्यात भेटले. ती मुलाबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "चौथ्या दिवशी संपली, मॅडम. साफ." पुष्कळ वर्षांनी तिला महिन्याची सगळी पानं परत मिळाली होती, आणि त्या दिवशी तिला तेवढंच सांगायचं होतं.

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला माता-बाल संरक्षण कार्ड देतात. त्यात आईची पानं आधी असतात. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताचं इंजेक्शन. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांच्या भेटीपर्यंत ती चालतात आणि थांबतात. बाळाची पानं लसी आणि वजनाचा आलेख घेऊन पुढे काही वर्षं जातात. यात कोणाचा दुष्टावा नाही. थिएटरमध्ये बाळ रडल्यावर सगळे तिकडे वळतात, तसंच कार्डही वळतं. पण हा त्रास कळतो तो पाळी परत सुरू होऊन रुळल्यावर, म्हणजे आईची पानं संपल्यानंतर.

तेव्हा विचारायचं कोणी? डॉक्टरनं विचारावं हे उत्तम, पण त्याची वाट पाहायला नको. बहिणीनं विचारावं, जावेनं विचारावं, नवऱ्यानं विचारलं तर आणखी चांगलं. सिझरनंतर पाळी सुरू झालेल्या कोणालाही, वर्षा-दीड वर्षानं, एकदा. पाळी वेळेवर संपते का, की मागे डाग रेंगाळतात? संपते म्हणाली तर विषय संपला. रेंगाळतात म्हणाली आणि दुसरं मूल हवं असेल, किंवा त्या डागांनीच ती जेरीस आली असेल, तर सोनोग्राफी करताना सिझरचा वण मुद्दाम बघायला सांगायचं. डागांना दुसरं काही कारण दिसतं का, हेही तिथं पाहता येतं. या प्रश्नाला पैसे पडत नाहीत, उपाशीपोटी यावं लागत नाही, आणि भूल तर लागतच नाही.